भाचीची नोकरी आणि गंगेचा गडू

आमच्या वाईला दक्षिण काशी म्हणतात. काशीला जाऊन आल्यावर मी छातीठोकपणे सांगू शकतो, की तिथे कुणीही आपल्या गावाला उत्तर वाई म्हणत नाही. एका पानवाल्याला मी वाईची थोरवी ऐकवली, तेव्हा त्याने शांतपणे चुना लावत विचारलं, की ते मुंबईच्या कुठल्या अंगाला येतं. मी पान घेतलं आणि विषय सोडला.

डिसेंबरात मी काशीला गेलो तो हौसेने नव्हे. मला ताईने पाठवलं. ताईचे गुडघे गेलेत, त्यामुळे तिची काशीयात्रा माझ्या पायांनी व्हायची होती. तिने दोन कामं सांगितली होती. पहिलं, घरातला तांब्याचा गडू भरून गंगा आणायची, आणि तीही भोसले घाटावरची, कारण तो आपल्या माणसांचा घाट. ते भोसले नागपूरचे, साताऱ्याचे नव्हेत, असं मी म्हणून पाहिलं. भोसले ते भोसले, असं म्हणून तिने गडू माझ्या हातात दिला. गंगा आली की ती मावंदं घालणार होती, म्हणजे गंगेची पूजा, सगळ्यांना तीर्थ आणि मग गावाला पुरणपोळीचं जेवण.

दुसरं काम अवघड होतं. ताईची मुलगी गार्गी तिथल्या विद्यापीठात पर्यावरण अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. तिच्यापुढे दोन नोकऱ्या होत्या. एक पुण्याच्या सल्लागार कंपनीतली, काचेच्या इमारतीत. दुसरी काशीच्या बाहेर, शहराचं सांडपाणी साफ करणाऱ्या केंद्रात, पाळ्यांची. गार्गीला दुसरी हवी होती.

"चार वर्षं शिकवली ती गटारावर बसायला?" ताई म्हणाली. "तिला पुण्याला हो म्हणायला लावल्याशिवाय तू परत येऊ नकोस."

माझी निवड या कामासाठी का झाली, तेही सांगतो. माझं पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांचं दुकान आहे. नदी जितकी घाण तितका धंदा बरा. घरात पर्यावरणाच्या क्षेत्रातला अनुभवी माणूस म्हणाल तर मीच.

बालाजी घाटाच्या गल्लीत

उतरलो ते बालाजी घाटाजवळच्या एका मराठी काकूंकडे. यांचे पूर्वज पेशवाईत कधीतरी इकडे आले आणि राहिले. यजमान संस्कृत शिकवायचे, ते आता नाहीत. मुलगा बँकेत, बदलीवर. गार्गी दर रविवारी हॉस्टेलातून इथे जेवायला येते, त्या ओळखीवर मला खोली मिळाली.

"या, या. सामान इथेच ठेवा, आणि खिडकी खुली नका ठेवू हं, बंदर येतात," काकूंनी स्वागत केलं. "नाश्ता झाला नसेल ना? कचौडी मंगवली आहे. गरम आहे तोवर खाऊन घ्या."

काकूंचं मराठी ऐकताना आपण एखाद्या जुन्या पोथीत शिरलो आहोत आणि मध्येच कुणीतरी रेडिओवर हिंदी बातम्या लावल्यात असं वाटतं. आमटीला त्या दाल म्हणतात, पण तीत गोडा मसाला असतो. मी कचोरीवर ताव मारला. सकाळी सकाळी तळलेली कचोरी, रस्सा आणि वर जिलेबी, असला नाश्ता वाईत कुणी केला तर घरचे डॉक्टरला बोलावतील. इथे मंडळी तो करून वर पान खातात आणि मग कामाला लागायचं की नाही याचा विचार करतात.

खाता खाता मी गंगेच्या पाण्याचा विषय काढला. काकूंचा चेहरा एकदम बदलला.

"गंगामैया कधी मैली होते काय? हे सगळं पेपरवाल्यांचं. बाटलीत भरून ठेवा, बरसों खराब होत नाही. आमची गार्गी पण सारखी जाँच करत राहते. मी तिला म्हणते, अगं बेटा, आईची कोणी जाँच करतं काय?"

हे ऐकून मला भरून आलं. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेलो, तर भिंतीवर आमच्या स्पर्धक कंपनीचं शुद्धीकरण यंत्र, सगळ्यांत महागडं, हिरवा दिवा लावून बसलेलं. हे कशाला, असं मी विचारलं.

"ते नळाच्या पाण्यासाठी," काकू म्हणाल्या. नळाला पाणी कुठून येतं ते मी विचारलं नाही. पाहुण्याने काही मर्यादा पाळायच्या असतात.

विद्यापीठात

दुसऱ्या दिवशी गार्गी मला तिच्या विभागात घेऊन गेली. आवार इतकं हिरवंगार आणि ऐसपैस, की इथे पर्यावरण शिकवायची गरजच काय असं वाटावं. मग प्रयोगशाळेत शिरलो आणि ती गरज नाकाला समजली. फळ्यांवर रांगेने बाटल्या होत्या आणि प्रत्येकीत कुठल्या ना कुठल्या नाल्याचं पाणी.

"मामा, हे बघ," गार्गीने एक कपाट उघडलं. आत अंधार आणि थंडावा. "यात पाणी पाच दिवस बंद करून ठेवायचं. पाण्यात घाण असेल तर ती खायला जिवाणू येतात आणि खाताना प्राणवायू संपवतात. जितका प्राणवायू संपला तितकी घाण जास्त."

"म्हणजे लग्नात ताटं किती लागली यावरून माणसं किती आली ते कळतं, तसं."

"साधारण. फक्त ही माणसं वऱ्हाडातून नव्हे, संडासातून आलेली असतात."

ताई शेजारणींना सांगते की गार्गी झाडं लावायचं इंजिनीअरिंग शिकते. एका स्थळाकडच्यांना ती कॉम्प्युटर शिकते असंही सांगून झालंय. मुलगी चार वर्षं नेमकं काय शिकली हे त्या कपाटात डोकावेपर्यंत मलाही ठाऊक नव्हतं. सांडपाणी, धूर, कचरा, गोंगाट, म्हणजे आपण सगळे जे जे दाराबाहेर टाकून हात झटकतो, ते पुढे कुठे जातं याचं हे शास्त्र.

मग कँटीनमध्ये चहा घेता घेता मी या शिक्षणाच्या भवितव्याची चौकशी केली. गार्गीने वर्गातल्या एकेकाची कुंडली मांडली. एकजण परदेशी चाललाय, जिथल्या नद्या आधीच स्वच्छ आहेत. दोघी प्रशासकीय सेवेच्या परीक्षेला बसल्यात, कारण पर्यावरणाचा भाग त्यांना सोपा जातो. एकाला प्रदूषण खात्यात जायचंय, नोटिसा काढायला. एकजण कारखान्यात लागलाय. तिथे सांडपाण्याचं यंत्र आहे, आणि तपासनीसाची गाडी फाटकाशी आली की ते सुरू करणं हे त्याचं काम. उरलेले सॉफ्टवेअरमध्ये गेले.

"आणि पुण्याची कंपनी काय करते?" मी मुद्द्यावर आलो.

"अहवाल लिहिते. कुणाला कारखाना काढायचा असतो, कुणाला हॉटेल. त्याने पर्यावरणाला काही होणार नाही असं लिहून द्यायचं. मागे एकाने बंदराचा अहवाल तसाच उचलून डोंगरातल्या खाणीला लावला. त्यात समुद्री कासवांची काळजी घेऊ असं लिहिलेलं राहून गेलं होतं."

"मग?"

"मग काय, मंजूर झाला. कासवांना काही झालं नाही ना!"

मी हसलो, आणि लगेच ताईचा चेहरा आठवून गंभीर झालो. म्हटलं, पोरी, प्रत्येक धंद्यात थोडं इकडचं तिकडे चालतं. पगार बघ, पुणं बघ, घर जवळ आहे. ती चहाचा कुल्हड फिरवत राहिली. पुण्याचे साहेब काशीत आलेच होते. एका हॉटेलवाल्याला नदीकाठी मोठं विश्रामगृह बांधायचं होतं, त्यासाठी गंगेच्या पाण्याचा नमुना घ्यायचा होता. तो गार्गीने घ्यायचा, आणि तिथेच होय की नाही ते सांगायचं, असं ठरलं होतं. मी म्हटलं, मीही होडीत येतो, म्हणजे माझाही गडू भरून होईल.

पंचगंगा ते भोसले घाट

सकाळी पंचगंगेच्या उभ्या पायऱ्या उतरताना माझ्याही गुडघ्यांनी ताईची बाजू घेतली. गंगेवर धुकं होतं. होडीत आम्ही चौघं: गार्गी बर्फाची पेटी आणि बाटल्या घेऊन, काकू आपली कळशी घेऊन, मी माकडटोपी आणि गडू घेऊन, आणि पुण्याचे साहेब तरंगायचं नारिंगी जाकीट घालून. साहेब चांगले होते. माझ्याशी अगदी घरच्यासारखं बोलले.

"ॲक्चुअली आमच्या फील्डमध्ये मुलांना एक गैरसमज असतो," ते म्हणाले. "त्यांना वाटतं, आपलं काम नदी स्वच्छ करणं. आपलं काम क्लायंटला परवानगी मिळवून देणं. नदी नंतर बघता येते."

मला हे व्यवहारी वाटलं. मी गार्गीकडे पाहून मान डोलावली, तेव्हा डोक्यावर नुसती टेकवलेली टोपी गंगेत पडली. गार्गीने नमुन्याची दोरी टाकून ती बाहेर काढली.

"पवित्र झाली हो टोपी!" काकू आनंदाने म्हणाल्या. आणि मी ती पिळून डोक्यावर घालणार तोच ओरडल्या, "अहो, घालू नका! आधी साबणाने दोनदा धुवावी लागेल."

नावाड्याने वल्हं थांबवलं. "भइया, जल धार में से लेंगे कि किनारे से?"

"धार में से," काकू म्हणाल्या.

"धार में से," मी म्हणालो. का ते मी स्वतःला विचारलं नाही, काकू म्हणतात तर असेल.

"नमुनाही तिथलाच घ्या," साहेब म्हणाले. "मधल्या प्रवाहातला. नमुना प्रातिनिधिक हवा." एवढं बोलून त्यांनी जाकिटाच्या आतून हळूच एक छोटा गडू काढला. "आईने सांगितलंय," ते थोडे लाजून म्हणाले. "तिचंही मावंदं आहे."

होडी मध्यावर गेली. काकूंनी हात जोडून कळशी बुडवली. साहेबांनी जाकीट सांभाळत गडू भरला. गार्गी मात्र दोरी हातात धरून बसून राहिली.

"सर, आईसाठी पाणी इथूनच का भरलंत?"

"इथलं चांगलं असतं ना."

"आणि काठावरचं?"

साहेब हसले. "काठावर कसं असतं ते तुला काय सांगायचं? तुझाच विषय आहे."

"काकू, तुम्ही? तुमच्या तर दारात गंगा आहे. होडी कशाला करता?"

"किनाऱ्यावर लोक काय काय टाकतात गं बेटा! साबुन, फुलं, आणि ते..." काकू थबकल्या. मग पदर सारखा करून म्हणाल्या, "पण मैली नाही हो. गंगा मैली होत नाही."

मला एकाएकी मजा वाटली आणि थोडी लाजही. होडीत एक श्रद्धाळू होती, एक शास्त्रज्ञ होते आणि एक व्यापारी होता, आणि तिघांनाही एकच गोष्ट नीट माहीत होती. म्हणूनच तिघांनी होडी मध्यावर आणली होती. न सांगता येणारी ती गोष्ट बोलून दाखवायला बाविशीची पोर लागली.

"भैया, किनारे ले चलो, भोसले घाट," गार्गी म्हणाली. घाटाची दगडी भिंत धुक्यातून वर आली. खाली पायऱ्यांवर बायका डुबकी घेत होत्या, एक म्हातारे ओंजळीने पाणी पीत होते. एका अंगाला कुठल्याशा गल्लीतून एक पाइप येऊन नदीत मोकळा होत होता. गार्गीने तिथे बाटली बुडवली, एकही बुडबुडा राहू न देता झाकण लावलं, चिठ्ठी चिकटवली आणि पेटीत ठेवली.

"हा नमुना मला उपयोगाचा नाही," साहेब म्हणाले. रागावले नव्हते, थकल्यासारखे वाटले.

"मध्ये कुणी आंघोळ करत नाही सर. माणसं इथे आहेत."

"मग आपलं जमायचं नाही."

"नाही जमायचं," गार्गी म्हणाली. इतक्या सहज, जणू चहा नको म्हणत होती.

माझं दुसरं काम असं माझ्या डोळ्यांदेखत बुडालं. मी पहिलं वाचवायला बघत होतो, तेवढ्यात तिने गडूही माझ्या हातातून घेतला.

"आईने कुठलं सांगितलंय?"

"भोसले घाटाचं."

"मग हा भोसले घाट." तिने तो पायरीशी भरला आणि सवयीने त्यावरही चिठ्ठी चिकटवली. मी चिडलो होतो. पण त्या पाण्याला नको म्हणायचं तर कारण द्यावं लागलं असतं, आणि ते कारण तोंडातून काढायची काकूंसमोर माझी छाती झाली नाही. ठठेरी बाजारातल्या तांबटाने दुपारी गडूचं तोंड डाख लावून पक्कं बंद केलं.

घाणीच्या कारखान्यात

परतण्याआधी गार्गीने मला तिची नोकरी दाखवायला नेलं. वाटेत मलइयो खाल्लं. थंडीतच मिळणारा हा दुधाचा फेस तोंडात टाकला की नाहीसा होतो आणि आपण काही खाल्लं होतं की नाही याची शंका येते. पुढे जे पाहायचं होतं त्याआधी खाल्लं हे बरंच झालं.

केंद्राच्या तोंडाशी लोखंडी जाळ्या आहेत. तिथे शहर अडकतं: झेंडूच्या माळा, शांपूच्या पुड्या, एक चप्पल, एका बाळाची बाहुली. पुढे मोठ्या हौदात खालून हवा सोडतात आणि तपकिरी पाणी खदखदतं. त्यात लाखो जिवाणू बिनपगारी जेवत असतात. वीज गेली तर हवा बंद पडते, जिवाणू मरायला लागतात आणि अभियंता डिझेलच्या नावाने ओरडत धावतो. शहराची वीज जाते, शहराचं जायचं थांबत नाही, ही या धंद्यातली मुख्य अडचण.

गार्गीने काचेच्या उंच नळीत हौदातला गाळ भरला आणि तो खाली बसताना ती वाकून पाहत राहिली. नीट बसला तर हौदाची तब्येत बरी. दही लागलं का ते बघायला ताई अशीच वाकते, भांडं न हलवता, श्वास रोखून. मला ते पाहून फार बरं वाटलं आणि स्वतःचाच राग आला, कारण मी तिला इथून उठवायला आलो होतो.

शेवटच्या हौदातून पाणी बाहेर पडत होतं. काचेसारखं नव्हतं, पण त्यात तळ दिसत होता.

"हे पिता येईल?" मी विचारलं.

"नाही. पण यात मासा जगेल."

एवढ्यावर खूश होणारी माणसं आमच्या घराण्यात आधी झाली नव्हती.

पुन्हा वाईत

ताईला मी पुण्याच्या नोकरीचं फोनवर कळवलं होतं, घाटावर ओंजळीने पाणी पिणाऱ्या म्हाताऱ्यांचंही. ती गार्गीशी बोलायची बंद झाली. माझ्याशीही कामापुरतं बोलत होती. मावंदं मात्र थाटात मांडलं. पाटावर गडू, हार, रांगोळी, आणि अंगणात तीर्थासाठी हात पुढे करून उभी असलेली सगळी आळी.

गुरुजींनी गडू हातात घेतला, चष्मा वर केला आणि चिठ्ठी मंत्रासारखी खड्या आवाजात वाचली: "ठिकाण, भोसले घाट, काठ. वेळ, सकाळ. नमुना घेणार, गार्गी."

"काठ?" ताई म्हणाली. "काठावरचं आणलंस? धारेतलं का नाही?"

"धारेतलंच भरतात," आत्या म्हणाली. मागून आणखी दोघी तेच म्हणाल्या. यांच्यातल्या एकीनेही गंगा डोळ्यांनी पाहिली नव्हती.

"का?" मी विचारलं. "गंगा तर मैली होत नाही."

पुढे आलेले हात हळूहळू मागे गेले. मग चुलतभावाला तोडगा सुचला.

"याच्याच दुकानातलं मशीन आणा. त्यातून काढू की गडू."

"गंगा गाळायची?" ताई अशी कडाडली की तो पुरणाकडे निघून गेला. गुरुजी घसा साफ करून म्हणाले, प्रोक्षण केलं तरी पुण्य तेवढंच. ताईने गडूची डाख उघडली, एक फूल आत बुडवलं आणि सगळ्यांच्या डोक्यावर शिंपडलं. थेंब तोंडाशी आला तेव्हा सगळ्यांनी ओठ घट्ट मिटले. गार्गीचा अहवाल आमच्या आळीने असा एकमताने मंजूर केला. पुढे पंगत बसली आणि पुरणपोळ्यांवर तूप पडायला लागलं तसे सगळे विसरले.

ताई विसरली नाही. तिने मला मागल्या पडवीत बोलावलं आणि गार्गीला फोन लावायला सांगितला.

"ते म्हातारे पीत होते म्हणालास," ती मला म्हणाली, "ते रोज पितात का?" मग फोनमध्ये, "गार्गी, ती गटाराची नोकरी... पक्की झाली का गं?"

"झाली आई. सोमवारपासून. शेवटचं सत्र कामावरच काढायचं असतं."

ताईने फोन दुसऱ्या कानाला लावला. "ऊबदार कपडे आहेत का? पाळी रात्रीची असेल तर काकूंकडे जात जा. आणि मला तीर्थ पाहिजे. काठावरचं. प्यायला."

"आई," पलीकडून गार्गी म्हणाली, "त्याला खूप वेळ लागेल गं."

"लागू दे," ताई म्हणाली. "गडू मी घासून ठेवते."

तिने फोन माझ्या हातात दिला, उरलेली गंगा तुळशीत ओतली आणि चिंच घेऊन गडू घासायला बसली.